बंकट मिसाळ देव नसल्याचा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, ता. जि. बीड.

अर्जदार : अजिनाथ बद्रीनाथ जोगदंड, वय ३४, धंदा लग्नाचे व्हिडिओ शूटिंग, रा. चौसाळा, ता. जि. बीड.

विषय : बंकट सटवा मिसाळ, वय ५६, धंदा ऊसतोड, हे देव, बाबा, महाराज किंवा अवतार यांपैकी काहीही नसल्याबाबत दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराने दि. २१ जुलै रोजी खिडकीवर केलेली तोंडी विनंती व त्यावर मिळालेले "असा नमुना छापलेला नाही" हे रास्त उत्तर.

महोदय,

१. अर्जदार हात जोडून कळवितो की, झाला प्रकार सर्वस्वी अर्जदाराच्या डोक्यातून निघालेला असून त्यात बंकट यांचा अगर देवाचा काडीचाही दोष नाही. अर्जदाराने एप्रिल महिन्यात 'बाबा नेमणे आहे' या नावाचा माहितीपट काढला. धर्माच्या नावाने मांडलेली दुकाने आणि त्यांपुढे डोळे मिटून रांग लावणारे लोक यांची टर उडवावी, कोणालाही तीन दिवसांत बाबा करता येते हे दाखवावे, असा हेतू होता. ते दाखवून झाले. पण आता बाबाचा परत माणूस करता येईना.

२. बंकट नुकतेच तोडीवरून परतले होते. दाढी वाढलेली, स्वभाव गरीब. अर्जदाराने त्यांना आपल्या शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये पाटावर बसवले. "अंगात आणायचं, का नुसतं बसायचं?" एवढेच त्यांनी विचारले. मंत्र येत नाही म्हणाले. कारखान्याच्या आवारात उसाच्या गाड्यांची रांग लागली की ते गाडीवानांना "पुढं घ्या, पुढं घ्या" असे ओरडत, तेवढे त्यांना पाठ होते. अर्जदाराने हसत हसत तेच म्हणायला लावले. आपण फार हुशार आहोत असे त्या वेळी अर्जदारास वाटले होते, याची आज लाज वाटते.

३. पहिल्या दिवशी कोणीच फिरकले नाही. म्हणून अर्जदाराने आपली थोरली बहीण सावित्रीबाई हिला आणले व "कॅमेऱ्यापुरतं खोटं खोटं डोकं टेकव" असे सांगितले. ती म्हणाली, "खोटं कसं टेकवू रे? डोकं तर एकच हाय." तरी भावाच्या शब्दाखातर तिने टेकवले. तिला पाहून शेजारणी आल्या, त्यांना पाहून आष्टीपर्यंतचे लोक आले. शूटिंग संपले, रांग संपली नाही.

४. सावित्रीबाईच्या गळ्याला गाठ आहे. तपासणीत ती वाईट निघाली. डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी २४ जून ही तारीख दिली. अर्जदारास न सांगता ती शेडवर गेली आणि "कापून घेऊ का?" असे तिने विचारले. बंकट सवयीने "पुढं घ्या" म्हणाले. लग्नाची तारीख पुढं घेतात, तशी तिने ऑपरेशनची तारीख पुढं घेतली. १५ जुलैचीही घेतली. आता १९ ऑगस्ट. त्यानंतर कापून उपयोग नाही, असे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले आहे. अर्जदारास तेव्हापासून अन्न गोड लागत नाही.

५. अर्जदाराने तिला सगळे कच्चे शूटिंग दाखवले. पाटावर बसलेले बंकट दिसताच तिने मोबाईललाच हात जोडले. मग अर्जदाराने सर्वांसमक्ष बंकट यांचे पाय धरले व आता तरी खरे बोला अशी विनवणी केली. त्याचा कोणीतरी फोटो काढला. 'फिल्मवालाही शरण आला' म्हणून तो गावोगाव फिरला आणि रांग डांबरी रस्त्याला जाऊन टेकली.

६. बंकट यांनी मात्र तिला जवळ बोलावले. "आक्का, मी कोणी न्हाई. कारखान्यावरचा माणूस हाय मी. जा, गाठ काढून घे," असे ते डोळ्यांत पाणी आणून म्हणाले. शूटिंग सुरू झाल्यापासून चार महिन्यांत त्यांनी आपल्या मनाने केलेले हे पहिलेच बोलणे. ते ऐकून सावित्रीबाई अर्जदाराकडे वळून म्हणाली, "हे तू शिकवलंस त्यांला." जे अर्जदाराने शिकवले ते देवाचे ठरले आणि जे शिकवले नाही ते अर्जदाराचे.

७. बंकट अंगठा द्यायला तयार आहेत. त्यांनाही दिवाळीच्या आधी तोडीला निघायचे आहे आणि कोणताही मुकादम देवाच्या हाती कोयता द्यायला धजत नाही. या प्रकरणी गुन्हा नोंदवायचा झाल्यास आरोपी म्हणून एकट्या अर्जदाराचे नाव घालावे, त्याबद्दल तक्रार राहणार नाही.

८. सबब विनंती की, दि. १९ ऑगस्टच्या आत सदर दाखला द्यावा. नमुना नसेल तर हाताने लिहिलेला चालेल. मजकूर दोन ओळींचा असला तरी हरकत नाही, कारण सावित्रीबाईला वाचता येत नाही. पण सरकारी गोल शिक्का ती ओळखते, आणि शिक्का मारलेले खोटे नसते असे ती मानते. अर्जदाराच्या माहितीपटात या समजुतीचीही थट्टा होती. तेवढे दृश्य अर्जदाराने काढून टाकले आहे. शिक्का कृपया ठळक उमटवावा.

आपल्या दारी उभा, नम्र व अपराधी,
(सही)
अजिनाथ बद्रीनाथ जोगदंड
चौसाळा, दि. ११ ऑगस्ट २०२५

सोबत :
१) बंकट मिसाळ यांच्या आधार कार्डाची प्रत
२) डॉक्टरांची चिठ्ठी
३) कोरा कागद एक, दाखल्यासाठी