तिसरी पाहणी

दीपमाला मॅडम, कृषी सहायक, यांना कळसाडीच्या नथ्थूकाकाचा नमस्कार.

परवा तुम्ही फळबाग योजनेची तिसऱ्या वर्षाची शेवटची पाहणी केलीत. नियमाप्रमाणे मला आंब्याशेजारी उभं करून फोटो काढलात आणि म्हणालात, "काका, जरा हासा ना!" शंभरातली नव्वद झाडं जगली तरी चाललं असतं, माझी शंभरच्या शंभर जगली. एवढं चांगलं करायला नको होतं. फाईल बंद झाली.

म्हणून आता कबूल करतो. मागच्या वर्षी सातबारा सापडत नाही म्हणालो, तेव्हा तो माझ्या खिशातच होता. पानांवर कीड पडल्याचा फोन केला, तीही खोटी. दोन्ही वेळा तुम्ही भर उन्हात शहाद्याहून आलात, चिडलात आणि चहा पिऊन गेलात.

हे पत्र टाकणार नाही. वाचून मला रागवायला तरी याल, याचा भरवसा नाही.

दारात येऊन तुम्ही हाक मारायचात, "कोनी शे का घरमा?" मी आतच असायचो. पण माझा पोरगा धर्मेंद्र सुरतला गेला, त्याची आई वारली, तेव्हापासून अशी हाक दुसरं कोणी मारत नाही. म्हणून पहिल्या हाकेला मी कधीच ओ दिली नाही.

तुमचा लाभार्थी,
नथ्थू