कुदळ प्रकाशनाचं शेवटचं पुस्तक

सटाणा, ९ फेब्रुवारी २००३

ती. दादास विनयाचा शि. सा. नमस्कार.

मार्चअखेर ‘कुदळ प्रकाशन’ बंद होणार, हे एडवर्डने परवा फोनवर स्वतः सांगितलं. गोखिवऱ्याचा त्याचा छापखाना विकला गेला, ताबाही मार्चअखेरच द्यायचा आहे, तेही त्याच्याचकडून कळलं. तू मात्र गेल्या दोन्ही फोनवर पापडीच्या हवेबद्दलच बोललास. फोनवर तू नुसता हूं हूं करतोस, म्हणून हे पत्र.

वाईट वाटलं. बारा वर्षं आपण कारखान्यांच्या दारात आणि तुळिंजच्या बाजारात भाजीवाल्यांशेजारी सतरंजी टाकून पुस्तकं विकली. वहिनीने तुझ्या झोळीला लावलेल्या ठिगळांवरही एक पुस्तक निघालं असतं.

आता माझं काम. शेवटचं म्हणून ‘खाजणातल्या बाया’ची पाचवी आवृत्ती निघते आहे ना? तिच्यावर माझं नाव घाल. अश्लेषाच्या कॉलेजात त्या पुस्तकावर तास झाला. कुणा पुरुष कार्यकर्त्याने लिहिलं असावं, असं सरांनी सांगितलं. तिने घरी येऊन मलाच ते समजावून दिलं. आपला नियम पाळायचा म्हणून मी पोटच्या मुलीपाशीही कधी बोलले नव्हते, दादा.

वहिनीस नमस्कार. लोभ आहेच, उत्तरही असू दे.

तुझी विनया

---

पापडी, १७ फेब्रुवारी २००३

चि. विनयास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. हवा बरी आहे.

तुझं मागणं वाचलं. पुस्तक कष्टकऱ्यांच्या जगण्यातून येतं, त्यावर एकाची मालकी नको, म्हणून लेखकाचं नाव छापायचं नाही, फक्त ‘कुदळ मंडळ’ लिहायचं, हे एक्क्याण्णवच्या बैठकीत हात वर करून ठरलं. तुझाही हात वर होता. त्याच नियमावर आपण एकतीस पुस्तकं काढली. तुझ्या पुस्तकासाठी सोलापूरहून विडी कामगारांची पत्रं यायची.

पुढे कारखाने बंद पडले, युनियन पांगल्या, ते समजू शकतो. पण लिहिणारेही गेले. सुधाकरने तिसरं हस्तलिखित मुंबईच्या प्रकाशकाला दिलं. त्या पुस्तकाच्या मागच्या पानावर हाताची घडी घातलेला त्याचा फोटो आहे. मी दोन वर्षं त्याच्याशी बोललो नाही. आता घरच्याच माणसासाठी नियम मोडला, तर त्याला काय तोंड दाखवू?

वहिनी म्हणते, आंबोशी पाठवते. रागावू नकोस.

शांताराम

---

सटाणा, २४ फेब्रुवारी २००३

ती. दादास सा. नमस्कार.

हात वर केला, खरं आहे. तू माझ्याकडे बघत होतास. एडवर्डनेही माझ्याकडे बघून केला. आपल्याकडे मतदान असंच व्हायचं.

मिठागरातल्या बेलाबाईंना पुस्तक वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी विचारलं, “हे कोनी लिवलं?” आपण सगळ्यांनी, असं तू म्हणालास. त्या म्हणाल्या, “मी तं नाय लिवलं.” सगळे हसले. मीही हसले.

आणखी एक. कायद्याने लागतं म्हणून प्रत्येक पुस्तकात दुसऱ्या पानावर प्रकाशकाचं आणि मुद्रकाचं नाव आहे. एकतीसही पुस्तकांत. तुला दोष देत नाही. एकदा उघडून बघ, इतकंच.

आंबोशी पोचली. वहिनीला सांग, माया कळली.

विनया

---

पापडी, ३ मार्च २००३

चि. विनयास अनेक आशीर्वाद.

एकतीसही पुस्तकं काढून ओटीवर मांडली. प्रत्येकात शांताराम आणि एडवर्ड. इतक्या वर्षांत ते कधी खटकलं नाही. वहिनी म्हणाली, ती पहिल्या पुस्तकापासून बघते आहे.

एडवर्डकडे गेलो. तो हसला नाही. म्हणाला, “शांतारामभाऊ, मी तेव्हाच बोलायला पायजे होतं.”

आतली पानं छापून बाइंडरकडे पडून आहेत. मुखपृष्ठ थांबवलं आहे. मी एकट्याने नाव घातलं तर तीही माझीच मालकी झाली. म्हणून रविवारी, १६ तारखेला चार वाजता बैठक ठेवली आहे. मंडळातले एडवर्ड आणि पॉलिन, शिवाय बेलाबाई येणार. सुधाकरलाही बोलावलं. पत्र लिहिलं, मग स्वतः जाऊन आलो. येतो म्हणाला, बाजू सांगितली नाही. पॉलिन नियमाची कडवी आहे, ते तुला ठाऊकच आहे. त्यामुळे काय ठरेल, सांगता येत नाही. माझं मत तुझ्या बाजूने आहे, पण या वेळी मी सगळ्यांत शेवटी हात वर करणार आहे.

अश्लेषाला घेऊन ये. ठराव झाला तर सोमवारी सकाळी मुखपृष्ठ छपाईला जाईल. तेव्हा माहेरचं नाव घालायचं की सासरचं, ते ठरवूनच गाडीत बस.

वाट पाहतो आहे.

शांताराम