अनामिका अडखळते तिथे

प्रिय लाउदोमिया,

मेनिकाने कोणाकडून तरी तुला निरोप धाडलाच असेल, की तुझ्या बापाचा हात गेला म्हणून. स्वयंपाकाला तिला तोड नाही, पण पोटात काही राहत नाही तिच्या. गेले कित्येक दिवस मी सकाळी वाजवायला बसलो की ही दाराआड उभी राहून उसासे टाकते. परवा तर चरबी कोमट करून वाटीत घेऊन आली. म्हणाली, "चोळा जरा बोटांना. जन्मभर वाजवताय, सांधे धरणारच की. पण मास्तर, पोरीबाळींच्या नाचात अडखळायचं म्हणजे काय हो! शेजारी ऐकतात, मला मेलीला लाज वाटते." मी मुकाट्याने हात पुढे केले. तू मात्र घोर लावून घेऊ नकोस. माझी बोटं ठणठणीत आहेत. ती का अडखळतात ते सांगायलाच हे पत्र लिहायला बसलोय. पण माझी खोड तुला ठाऊक आहे, मूळ सुरावर यायच्या आधी मी चार गल्ल्या हिंडून येतो.

यंदा धुकं लवकर उतरलं. राजवाड्याच्या गच्चीवरून नदी दिसेनाशी झालीय, वाम मासे विकणाऱ्यांच्या होड्या नुसत्या हाकांवरून ओळखायच्या. ड्यूकसाहेबांच्या थोरल्या आत्याबाई अजून आहेत, आणि अजून ताटभर वाम खाऊन वर दारूत बुडवलेला पाव मागतात. बियाजो अजून ऑर्गनचे भाते ओढतो, आणि ओढता ओढता मागून मला ऐकू येईल असं पुटपुटतो, "वारा माझा आणि नाव यांचं." तुझी आठवण काढतो. म्हणतो, पोरीने बरं केलं, नदीपल्याड गेली. तुला मठात नेऊन पोचवलं तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. मठात द्यायच्या हुंड्यापुरता पैसा माझ्याजवळ कुठला, पण तुमच्या मदर म्हणाल्या, ऑर्गन वाजवता येत असेल तर हुंडा माफ, सगळ्याच मठांत तशी रीत आहे. मग मठातल्या भेटीच्या जाळीपलीकडे बसून तू परीक्षा दिलीस, आणि जाळीअलीकडे मला घाम फुटला. तेव्हा रडलो होतो, ते मुलगी जाते म्हणून. आज वाटतं, त्या जाळीइतकी भक्कम भिंत आमच्या ड्यूकसाहेबांच्या सबंध किल्ल्याला नाही. तिच्या आत कोणाचा शिपाई येत नाही.

ड्यूकसाहेबांनी द्राक्षं उतरवायच्या सुमारास मला बोलावून घेतलं. मोठ्या आदबीने बोलतात ते, तुला माहीतच आहे. खुर्ची दिली, तब्येत विचारली. मग म्हणाले, "मास्तर, मृतांसाठीचा एक मिस्सा, अंत्यविधीत गायचा, बांधून ठेवा. चार आवाजांचा. घाई नाही, पण उपवासकाळाच्या आत हवा." मी विचारलं, महाराज, कोणासाठी? वाड्यात तर कोणी आजारी नाही. त्यावर हसले. "माणसं काय, जातच असतात. आयत्या वेळी धावपळ नको." मी उठून दारापर्यंत गेलो तेव्हा पाठीमागून म्हणाले, "आणि एक. गेल्या खेपेचा फार लांबला होता. या वेळी आटोपशीर ठेवा."

लाउदोमिया, मी जिन्यावरच बसलो. गेल्या खेपेचा म्हणजे कामिल्लाबाईंच्या वेळचा, पहिल्या डचेसच्या. तू लहान होतीस, तरी तुला आठवेल, त्या उन्हाळ्यात मी टेबलावर कागद पसरून बसायचो आणि तुला आवाज करू द्यायचो नाही. मला सांगितलं होतं, आत्याबाई आता फार दिवसांच्या सोबती नाहीत, त्यांच्यासाठी तयारी ठेवा. मी खरं मानलं. मिस्सा पुरा झाला, स्वच्छ प्रत काढून दिली, आणि त्यानंतर कामिल्लाबाईंना ताप आला. तो ताप वाड्यात दुसऱ्या कोणाला आला नाही. आत्याबाईंसाठी बांधलेला मिस्सा त्यांच्यावर गायला गेला. लोक म्हणाले, काय योगायोग, तयारच होता. मीही तेच म्हणालो. बाईंना मूल नव्हतं, आणि शोक संपायच्या आत नव्या सोयरिकीची माणसं दारात उभी राहिली, हे मी तेव्हा एकाला एक जोडून पाहिलं नाही. आताही दुसऱ्या डचेसना मूल नाही. आणि पाहुण्यांच्या दालनात, लांबच्या कुठल्याशा मोठ्या घराण्याची माणसं उतरली आहेत. सोबत एका मुलीचं चित्र आहे, त्यावर कापड टाकून ठेवतात.

या दुसऱ्या डचेस म्हणजे ओर्तेन्सिया. मी त्यांना मनातल्या मनात ओर्तेन्सियाच म्हणतो. तुझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे गं पोर. रोज दुपारी जेवणं झाली की तिच्या खोलीत स्पिनेटच्या पट्ट्यांवर शिकवणी असते, संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा होईपर्यंत. हात वाईट नाही, पण लहानपणी घोड्यावरून पडून उजव्या हाताची अनामिका मोडली होती, ती वाकडीच सांधली. तुला मी बांधून दिलेला तो छोटा नाच आठवतो ना, ज्याला तू 'बदकांचा नाच' नाव ठेवलं होतंस? तोच तिला शिकवला. सगळं बरं जातं, पण शेवटी जिथे सूर थरथरवायचा, तिथे तिची अनामिका मागे राहते. एक हिसका बसतो आणि बदक लंगडतं. मी पहिल्यांदा चिडलो, मग रोज घोटून घेतलं, मग नाद सोडला. ती स्वतःच हसून म्हणते, "राहू द्या मास्तर, कळपात एखादं लंगडं असतंच."

तिच्या खोलीच्या बरोबर खाली ड्यूकसाहेबांची लिहिण्याची खोली आहे. वाजवणं थांबलं की लगेच हुजऱ्या वर येतो, "महाराज विचारतात, बंद का पडलं?" मला वाटायचं, केवढे रसिक! गायक मंडळींत मी मिरवायचोसुद्धा. एक दिवस ओर्तेन्सियाचा हात दुखत होता म्हणून तोच नाच मी वाजवून दाखवायला बसलो. शेवटची जागा अशी स्वच्छ घेतली की मीच खूश झालो. तेवढ्यात हुजऱ्या दारात. "महाराज विचारतात, बाईसाहेब कुठे आहेत?" बाईसाहेब समोरच बसल्या होत्या, पांढऱ्याफटक. तो गेल्यावर ती अगदी हळू म्हणाली, "मास्तर, ते गाणं ऐकत नाहीत. मी आहे की नाही ते ऐकतात." दाराबाहेर पहारेकरी, आणि जमिनीखाली हे कान.

मिस्स्याची गोष्ट मी तिच्यापासून लपवून ठेवायची ठरवलं होतं. जमलं नाही. समोर बसून तिची बोटं सरळ करायची आणि घरी येऊन तिच्या शवपेटीसाठी सूर लावायचे, हे मला झेपेना. एका दुपारी ती वाजवत असताना, वाजवण्याच्या आवाजाखाली, मी सगळं सांगून टाकलं. तिचे हात थांबले नाहीत, एवढी शहाणी आहे ती. पान संपेपर्यंत वाजवत राहिली आणि मग विचारलं, "कुठवर आलाय?" म्हटलं, शेवटची प्रार्थना तेवढी राहिलीय. तर म्हणते, "मग ती सावकाश करा ना, मास्तर." मला रडू कोसळलं. म्हातारा झालोय, लगेच रडतो. पण त्या दिवसापासून मी ड्यूकसाहेबांना सांगत आलोय की तिसरा आवाज नीट बसत नाही. पहिल्यांदा त्यांनी मान डोलावली. दुसऱ्यांदा म्हणाले, "तुमच्याच्याने होत नसेल तर दुसऱ्या कोणाला सांगू का?" गेल्या रविवारी प्रार्थना संपल्यावर जवळ येऊन माझा खांदा थोपटला, आणि नुसतं हसले. त्याच दिवसापासून तिचं जेवण वेगळ्या स्वयंपाक्याकडून येतं. ती पाव तेवढा खाते, तोही मी खिशातून नेतो तो.

आता बोटांचं. तिच्या खोलीतून एक बंद सज्जा थेट प्रार्थनामंदिरात जातो, राजघराण्यातल्या बायकांनी लोकांच्या नजरेला न पडता प्रार्थनेला बसावं म्हणून. सज्ज्याच्या टोकाला माझा ऑर्गन, ऑर्गनच्या मागे भात्यांची खोली, आणि त्या खोलीला मागच्या आवारात उघडणारा एक ठेंगणा दरवाजा, ज्याची किल्ली बियाजोच्या कमरेला. तिथे पहारा नाही, कारण भाते ओढणाऱ्याच्या दारातून डचेस जाईल असं कोणाच्या ध्यानीमनी येणार? बियाजोच्या भावाची वामांची होडी आहे. धुकं आहे. फक्त एक गोष्ट हवी: ओर्तेन्सिया घाटापर्यंत पोचून होडी नदीच्या वळणाआड जाईपर्यंत वर स्पिनेट वाजत राहिलं पाहिजे, आणि ते तिनेच वाजवल्यासारखं वाजलं पाहिजे. म्हणून मी रोज सकाळी चुकायला बसतो. हसू नकोस. सगळा जन्म बोटं सुधारण्यात गेला, तुला तर एका चुकीपायी जेवणाच्या ताटावरून उठवलंय मी, आणि आता तीच बोटं बिघडवताना नाकी नऊ आले. हात आपोआप बरोबर जागी जातो. अनामिकेला सुतळी बांधून पाहिली, मग सुतळीशिवाय. मेनिका बाहेर उसासे टाकत होती आणि मी आत मनाशी म्हणत होतो, अजून फार चांगलं होतंय, अजून लंगडं हवं. काल ती म्हणाली, "मास्तर, आता बास करा, ऐकवत नाही." तेव्हा कळलं, जमलं. आज तिला दोन दिवसांसाठी तिच्या बहिणीच्या गावी पाठवून दिलंय. कुरकुरत गेली. चरबीची वाटी मात्र माझ्या उशाशी ठेवून गेली.

तू म्हणशील, बाबा, तुम्हीही का नाही निघालात? रागावशील, पाय आपटशील, मला दिसतंय. पण बेटा, वर कोणीतरी वाजवायला हवं ना. बियाजो येऊ शकतो, त्याला मी सोबत म्हणून पाठवतोय. किती भांडला. "तुम्हाला वारा कोण घालणार मग?" म्हणाला. त्याला म्हटलं, स्पिनेटला वारा लागत नाही. संध्याकाळची घंटा झाली की ऑर्गन वाजायला हवा, आणि भात्यांपाशी कोणी नसेल. तेव्हा सगळ्यांना कळेल. तोवर होडी नदीपल्याड लागलेली असेल. मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू. रात्री झोप लागत नाही. पण शिकवणी अर्धवट टाकून उठायची मला कधीच सवय नव्हती.

तर आता मूळ सुरावर येतो. हे पत्र जाळीतून जिने तुझ्या हातात दिलं, ती पोरगी अजून तिथेच उभी असेल. केस कापलेले, बियाजोच्या बहिणीचा झगा, आणि भुकेली. पहिल्यांदा तिला खायला दे. तुमच्या मदरना सांग, बाबांची एक शिष्या आहे, हुंडा नाही, पण ऑर्गन वाजवते. मदर परीक्षा घेतील तेव्हा तिला अवघड काही देऊ नकोस, संथ कडवी तिची, बाकीची तू उचलून घे. त्याआधी तू एकटीने तिच्याकडून बदकांचा नाच वाजवून घे. शेवटच्या जागी अनामिका मागे राहिली तर समज की मी जिला पाठवलं तीच पोचली, वाटेत पत्र हिसकावून दुसरी कोणी आलेली नाही. ती चूक मात्र कधी सुधारू नकोस. मी आज सबंध दुपार तीच वाजवत बसणार आहे. पत्रासोबत कागदांची गुंडाळी आहे, तो मिस्सा. मी तो पुरा केला. इथे एकही प्रत ठेवलेली नाही, ड्यूकसाहेबांना हवा असेल तर त्यांनी दुसरा बांधून घ्यावा. त्यांना आटोपशीर हवा होता, पण मी तो माझ्या मनाजोगता लांब केलाय. आमच्याकडची बातमी कधी ना कधी नदी ओलांडून येईलच. ती आली की तुम्ही दोघी मिळून वाजवा. सावकाश वाजवा, घाई कसलीच नाही.

तुझाच,
बाबा