संत्र्याचा रस उठेना

लोधीखेडा
२६ डिसेंबर २०२४

ती. सौ. उर्वशीताई यांस,
दामिनीचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक. थंडीमुळे आईचा गुडघा कुरकुरतो, बाबा दिवसभर मळ्यात, आणि मी माहेरपणाला. तुमच्या बैतूलला तर इथल्याहून जास्त थंडी असेल, पोरांना जपा. तुम्ही म्हणाल, हातात फोन असताना ही बाई पत्र काय लिहीत बसली. फोनवर तुमचा आवाज ऐकला की मी "बरी आहे" म्हणून मोकळी होते आणि बाकीचं राहून जातं. पत्रात निदान पान भरावं लागतं.

तुमच्या घराखालच्या बेकरीवाल्याचं यीस्ट पोचलं. त्याबद्दल तक्रार आहे.

वजन उतरावं म्हणून तुम्ही रोज नाक दाबून ते सफरचंदाचं सायडर व्हिनेगर घेता ना, तसं मी संत्र्याचं करायला घेतलं आहे. आधी रस फसफसून त्याचं सायडर व्हायचं, मग ते आंबून व्हिनेगर. बगीच्यात गळ किती पडते ते तुम्हाला सांगायला नको. झाडाखाली पडलेल्या संत्र्याला व्यापारी हात लावत नाही, बाबा ढीग करून बांधाला टाकतात, आणि चार दिवसांनी गायीसुद्धा त्या ढिगाकडे बघत नाहीत. त्यातली मी चांगली चांगली वेचली, सोलली, रस काढला, आईच्या लोणच्याच्या मोठ्या बरणीत भरला, यीस्ट घातलं, तोंडाला फडकं बांधलं. रस ढिम्म. फेस नाही, बुडबुडा नाही. लग्नात रुसलेल्या फुफाजीसारखा बसून आहे.

बाबांना गंमत वाटते. मी त्यांना म्हटलं, ही गळ मला द्या, यावर मी माझं पोट भरीन. तर म्हणाले, आधी रस तर उठू दे, संक्रांतीपर्यंत खेळून घे, मग सासरी पांढुर्ण्याला पोहोचवून देतो. मी वेळ जावा म्हणूनच म्हटलं होतं, तुम्ही दुसरं काही मनात आणू नका.

बेकरीवाल्याला विचारा, त्याचं यीस्ट मेलेलं तर नव्हतं?

तुमचा भाऊ बरा असेल. मी निघाले तेव्हा बरा होता.

तुमची वहिनी,
दामिनी


लोधीखेडा
८ जानेवारी २०२५

ती. उर्वशीताई,
नमस्कार. तुमचं पत्र आलं, तिळाची वडीही आली. वडी बाबांनी पोस्टमनच्या देखतच फोडली.

आधी त्या गरीब बेकरीवाल्याची माफी. यीस्ट जिवंत आहे. कोमट पाण्यात साखर घालून चमचाभर टाकलं, तर चहा होईस्तोवर फेस वाटीच्या काठावर. मग मला वाटलं थंडीने रस गारठला असेल. बरणीला गोधडी गुंडाळून चुलीजवळ ठेवली. आई म्हणे, बाळंतिणीची एवढी काळजी कोणी घेतली नव्हती. तरी ढिम्म. मग वाटलं सालीचं तेल उतरलं असेल, त्या तेलाने यीस्ट मरतं म्हणतात. नवा रस काढला, साल तर सोडाच, पांढरा पापुद्राही लागू दिला नाही. पुन्हा बरणीत भरला. पुन्हा तेच. साखर घालून पाहिली, ढवळून पाहिलं, शिव्या देऊन पाहिल्या.

शेवटी मी दोन पेले घेतले. एकात ताजं संत्रं पिळलं, दुसऱ्यात बरणीतला रस. दोन्हींत सारखंच यीस्ट घातलं आणि शेजारी शेजारी ठेवले. सकाळी ताज्या रसाचा पेला ओट्यावर उतू गेलेला, बरणीतला होता तसाच. म्हणजे यीस्ट नाही, थंडी नाही, संत्रंही नाही. खोट बरणीत.

बरणी रिकामी केली आणि आत तोंड घालून वास घेतला. हिंग!

आईला विचारलं. ती म्हणाली, हो, हिंगाची धुरी दिली, बरणीला धुरी दिल्याशिवाय कोणी काही भरतं का. बरं, धुरीने एवढं होणार नाही म्हणून मी खोदून विचारलं, तर फडताळातली पुडी काढून दाखवली. तुम्हाला माहीत आहे ना, महिला मंडळाच्या शिबिरात संत्र्याचं सरबत शिकवलं होतं, तेव्हाची ती सरबत टिकवायची पांढरी पावडर. मी रस भरून बाहेर गेले की ही बाई दर वेळी फडकं सोडून चिमूटभर टाकायची आणि तशीच गाठ मारायची.

"नासू नये म्हणून टाकली व," म्हणाली. "तुह्या हातचं टिकलं पाहिजे ना."

मी ओट्याशी बसून एवढी हसले की बाबा धावत आले. आईला सांगितलं, अगं, हे टिकवायचं नाहीच, हे उठू द्यायचं आहे. तुझ्या पावडरीने सरबतातले जंतू मरतात, तसे माझेही मेले. तिने पुडी हातात उलटीसुलटी करून पाहिली. मग एकदम म्हणाली, "बाई, मी तर सगळ्यातच टाकते." आणि उठून आत गेली. मला वाटलं माझ्या हसण्याचा राग आला.

दुपारी तिने स्वतः बरणी उकळत्या पाण्याने धुतली, उन्हात पालथी घातली. धुरी दिली नाही. मी नवा रस भरला.

ताई, तुम्ही विचारलंत की तुमचे भाऊ हेमराज फोनवर माझं नाव काढलं की विषय का बदलतात. पत्राचं पान संपत आलं आहे. माझ्या डाव्या कानात अजून मधून मधून शिट्टी वाजते, एवढंच लिहिते.

तुमची वहिनी,
दामिनी


लोधीखेडा
१८ जानेवारी २०२५

ती. उर्वशीताई,
नमस्कार.

रस उठला! संक्रांतीच्या आधीच उठला. सकाळी फडकं वर फुगलेलं, कान लावला तर आत नुसती चरचर, गरम तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी. मग झाकणाला भोक पाडून सलाईनची नळी लावली, तिचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडलं. बुड, बुड, बुड. हळदीकुंकवाला आलेल्या बाया वाण घ्यायचं सोडून बरणीभोवती बसल्या. बाबा दोनदा येऊन ऐकून गेले आणि दोन्ही वेळा म्हणाले की पाणी प्यायला आलो होतो.

आता ते दुसरं लिहिते. तुम्हाला एव्हाना एका बाजूने कळलं असेलच, माझ्या हाताने लिहिलेलंही तुमच्याकडे असू द्या.

मी माहेरपणाला आलेच नव्हते. पांढुर्ण्याच्या बगीच्यात संत्र्यांच्या तोडीच्या वेळी तुमच्या भावाला मी म्हटलं, गळ फेकू नका, तिचं काहीतरी करू. व्यापारी हसला. त्याच्या हसण्याचा राग त्यांनी माझ्या कानावर काढला, तोडणाऱ्या बायांच्या समोर. पहिल्यांदा नाही, ताई. याआधी दोनदा मी अशीच इथे आले होते आणि दोन्ही वेळा आईने ओटी भरून वापस धाडली. तुम्ही तेव्हा फोनवर विचारलंत आणि मी "बरी आहे" म्हणाले. तुमच्याशी खोटं बोलताना मला फार वाईट वाटायचं.

परवा दुपारी हेमराज आणि तुम्हा बहीणभावांचे मामाजी जीप घेऊन आले. बैठकीत बसले. बरणीही तिथेच होती, चुलीच्या भिंतीला लागून तेवढीच ऊब म्हणून. मामाजी बोलले, चांगलंच बोलले, दोन भांडी एकत्र आली की वाजतातच, लोक विचारतात, झालं गेलं सोडा. हेमराज मोबाइलमध्ये बघत होते. बाबांनी मला खुणेने सांगितलं, बॅग भर. आणि सगळे गप्प झाले तेव्हा त्या खोलीत फक्त माझा रस बोलत होता.

मी बॅगेला हात लावला नाही. मी म्हणाले, "मी येत नाही. आज नाही आणि उद्याही नाही."

मामाजी आईकडे वळले. म्हणाले, शांताबाई, तुम्हीच समजावा, तुमचं ऐकते ती.

आई दारात उभी होती. डोक्यावरचा पदर सावरून पुढे आली. तुम्ही तिला ओळखता, जावयासमोर ती कधी खुर्चीवरही बसत नाही.

"ऐकते म्हणूनच तर एवढं सोसलं तिनं," ती म्हणाली. "दोनदा मार खाऊन आली आन् दोन्ही डाव मीनं टिकव टिकव म्हणून वापस धाडली. माह्या पोरीचा जीव मीच दाबून राहिली होती. आता नाही धाडत. चहा घ्या आन् सुखानं जा."

चहा कोणी घेतला नाही.

जीप गेल्यावर बाबा अंगणात आले. मग त्यांनी चपला घातल्या, आमचा बगीचा ठेक्याने घेतलेल्या व्यापाऱ्याच्या माणसाला हाक मारली आणि मला ऐकू येईल अशा आवाजात सांगितलं, "खालच्या फळाले हात नाही लावायचा. ते दामिनीचं आहे." आणि मी रडले, ताई. त्या माराच्या दिवशी रडले नव्हते, तेवढं सगळं परवा रडले. आईही रडली, मग आम्ही दोघी तोच गार झालेला चहा गरम करून प्यालो.

काल चमचाभर चाखलं. गोडी उतरली आहे, जिभेला चुरचुरतं आणि मागून संत्र्याचा वास येतो. आता ते उघडं ठेवून आंबवायचं, व्हिनेगर होईपर्यंत. आई जाता येता नाकाला पदर लावते आणि शेजारणींना सांगते की आमच्या दामिनीनं केलं. सौंसरच्या दोन दुकानदारांना नमुना हवा आहे. पुढच्या महिन्यात मृगाच्या बहाराची गळ सुरू झाली की मी तीन बरण्या लावणार आहे.

तुम्ही हेमराजची सख्खी बहीण. त्यांना सोडा, असं मी तुम्हाला सांगणार नाही आणि त्यांच्या वतीने काही बोलायला याल तर दारही लावणार नाही. पण तुमच्याशी मला "बरी आहे" म्हणून सुटायचं नाही. उत्तर लिहावंसं वाटलं तर पाकिटावर माझ्या नावाखाली बाबांचं "द्वारा केशवराव" लिहू नका. नुसतं नाव आणि गाव पुरे, पोस्टमन आणून देतो.

आजपर्यंत शेवटी "तुमची वहिनी" लिहीत आले. आता तुमची कोण, ते तुम्ही ठरवा. माझं ठरलं आहे, आणि मी खरंच बरी आहे.

दामिनी