नंबर घातलेली खोकी

खरड,
२२ मार्च

प्रिय स्मिताजी,

नमस्कार. तुम्ही दोघं मजेत असाल. इथली थंडी संपली, पण सकाळी शाळेच्या बसपर्यंत जायला अजून स्वेटर लागतो. नागपुरात एव्हाना कूलर लागले असतील.

'ताई' लिहिणार होते, पण ती हाक माझ्याकडे नीलाताईसाठीच होती, ती गेल्यावर दुसऱ्या कुणाला मारलेली नाही. इथे पंजाबात सगळ्यांनाच 'जी' लावतात. तेवढं चालवून घ्या.

हे पत्र एक नंबरच्या खोक्यात सगळ्यात वर ठेवते आहे. भाऊजी शनिवारी अवनीला विमानाने घेऊन येतील, खोकी वाहतूकवाल्याकडून मागाहून पोचतील. फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर मी कामापुरतं बोलते, आणि मग दिवसभर राहिलेलं आठवत बसते.

प्रत्येक खोक्यावर नंबर आहे आणि आत काय आहे ते झाकणाला आतून चिकटवलं आहे. एक नंबर आधी उघडा, त्यात तिची उशी आहे. दुसऱ्या उशीवर ती झोपते, पण सकाळी चिडलेली असते.

जेवणाबद्दल. वरण म्हटलं की नको असतं, दाल म्हटलं की खाते. पदार्थ तोच. भेंडी अजिबात नाही. रविवारी राजमा-चावल लागतो, ती इथली सवय आहे, मोडायची तर हळूहळू मोडा. दूध पिते असं ती सांगेल. आमची तुळस दोनदा गेली तेव्हा मला कळलं की दूध कुठे जातं. ग्लास संपेपर्यंत समोर बसावं लागतं.

गणित चांगलं आहे, पण पायऱ्या लिहीत नाही, नुसतं उत्तर लिहिते, म्हणून मार्क कापले जातात. तुम्ही स्वतः शाळेत शिकवता, तुम्हाला जास्त सांगायला नको. मराठी सगळं कळतं. उत्तर हिंदीत येईल. मी रागावले की म्हणते, "यार मासी, मराठी में मत डांटो, लंबा लगता है." तो उद्धटपणा नाही. हसू आलं तरी हसू नका, नाहीतर दर वेळी म्हणेल.

स्केटिंगचे बूट चार नंबरच्या खोक्यात आहेत. शनिवारी सेक्टर दहाच्या रिंकवर जायची. सर म्हणतात, डाव्या पायाचा रेटा कमी पडतो. नागपुरात चांगली रिंक असेल तर पाहा. तिला गुलाबी चाकांचे महागडे बूट हवे होते, मी साधे घेतले. भाऊजी मागेल ते लगेच घेऊन देतात. ते दूर सीमेवर होते, कुटुंब नेता येत नव्हतं, त्यामुळे त्यांचं तसं होणं मी समजू शकते. पण आता ते रोज घरी असतील, तेव्हा तुम्ही दोघांनी आधी ठरवून घ्या.

झोपताना खोलीचं दार उघडं लागतं. कारण विचारू नका, ती सांगत नाही.

नीलाताईचा फोटो कुठल्याच खोक्यात नाही. तो अवनीच्या दप्तरात आहे, तिनेच ठेवला आहे. ती दाखवेल तेव्हा पाहा.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत मी मोजमापाची उपकरणं तपासते. बाहेरून उपकरण आलं की आम्ही ते आल्या आल्या लावत नाही. दिवसभर खोलीत नुसतं ठेवतो, खोलीचं तापमान त्यात उतरू देतो. त्याआधी घेतलेलं रीडिंग चुकीचं येतं. अवनीच्या बाबतीतही सुरुवातीचे दिवस काही ठरवू नका, एवढंच म्हणायचं होतं.

तुम्ही मेसेजमध्ये विचारलं होतं की लग्नाला का आले नाही. ऑडिट होतं. आणि अवनीला नेतोय म्हणून मला वाईट वाटतंय का, असंही विचारलं होतंत. मुलीने वडिलांजवळ असावं. भाऊजींना आता सरकारी घर मिळालं आहे, शाळा त्याच आवारात आहे, तुम्ही आहात. सगळं योग्यच आहे.

भाऊजींना सांगा, इथली गॅसची जोडणी त्यांच्या नावावरून माझ्या नावावर करून घेतली आहे, त्यांनी काळजी करू नये.

आपली,
गिरिजा


खरड,
२४ एप्रिल

प्रिय स्मिताजी,

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. तुम्हीही हाताने लिहिलंत, त्याबद्दल आभार. कॅन्टीनमध्ये वाचलं. माझ्या समोर बसणारे सोढी सर म्हणाले, "की होया जी, घर सब ठीक?" मी म्हटलं, "ठीक है सर." त्यांनी आपली खीर माझ्याकडे सरकवली आणि पुढे काही विचारलं नाही. इथली माणसं खूप बोलतात असा माझा समज होता.

तुम्ही लिहिलंत की अवनी त्रास देत नाही, आणि त्याचाच तुम्हाला त्रास होतोय. भेंडी वाढली तर खाते. दूध पिते. दाराबद्दल काही म्हणत नाही. उशीचं खोकं तेवढं उघडलं आणि बाकीची तशीच भिंतीला लावून ठेवली आहेत. तुम्ही म्हणालात, चल, आपण दोघी मिळून सामान लावू, तर म्हणाली, "रहने दो आंटी, फिर भेजना पड़ा तो फिर पैक करना पड़ेगा." आणि मग ते दुसरं वाक्य, जे तुम्ही पत्रात जसंच्या तसं उतरवलंत. "मासी के ऑफिस में मशीन ठीक हो जाती है तो नंबर डालके वापस भेज देते हैं. मुझे भी भेज दिया."

हे कुठून आलं ते मला कळलं. सुट्टीत तिला घरी एकटं ठेवता येत नसे, म्हणून प्रयोगशाळेत नेत असे. पाठवणीच्या टेबलापाशी ती चित्रं काढत बसायची. तपासून झालेली उपकरणं तिथे फोममध्ये बसवून, खोक्यावर नंबर घालून ज्याची त्याला परत जातात. तिथल्या माणसाने तिला एकदोनदा लेबलं चिकटवू दिली होती, त्याचा तिला फार अभिमान होता. घरी मी तीच टेप वापरली, तसेच नंबर घातले. माझ्या एकदाही लक्षात आलं नाही. मला सामान भरण्याची दुसरी पद्धत येत नाही.

शिवाय हात कामात असले की मला बरं पडतं. मी खोकी भरत होते, ती दारात उभी होती. म्हणाली, "मासी, आप खुश हो?"

मी म्हटलं, "ती टेप दे."

विमानतळावर भाऊजी म्हणाले, "गिरिजा, तू ग्रेट आहेस यार, तुझ्या जागी मी कोसळलो असतो." अवनी हे ऐकत होती. मी तिला सांगितलं की सीटबेल्ट नीट लाव. तेवढंच सांगितलं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. लग्नानंतर तुम्ही मिरजेला गेलात, आईने लेकीसारखी तुमची ओटी भरली आणि भरताना म्हणाली की आम्ही आधी गिरिजालाच विचारलं होतं. आईने हे तुम्हाला त्या वेळी सांगायला नको होतं. पण ते खरं आहे.

ताईचं वर्षश्राद्ध झालं, त्याच दिवशी. जेवणं उरकली होती. मावशा, काकू सगळ्या होत्या. आई म्हणाली, "बाहेरची आणण्यापेक्षा तू काय वाईट? पोरीसाठी तरी." सगळ्यांनी माना हलवल्या. जणू मीच अडून बसले होते.

भाऊजी पुढच्या महिन्यात खरडला आले. आम्ही गॅलरीत उभे होतो. ते म्हणाले, "आई म्हणतायत ते... तुझं काय?"

मी म्हटलं, "भाऊजी, तुम्हाला बायको म्हणून मी हवी आहे का?"

"खरं सांगू?"

"खरंच सांगा."

"तू समोर आलीस की मला नीला दिसते. आणि तू नीला नाहीस. पण अवनीला तू हवीस."

"अवनीला मी आहेच. त्यासाठी लग्न कशाला?"

ते एकदम हसले. मीही हसले. "थँक यू," म्हणाले. दोघांच्याही डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. हे तुम्हाला सांगते, कारण तुमच्या संसारात माझ्या नावाने कुठलीही शंका राहू नये. त्यांच्याकडे मी तशा नजरेने कधी पाहिलं नाही, त्यांनीही नाही. आज पुन्हा विचारलं तरी मी नाहीच म्हणेन.

फक्त एक हिशेब मी केला नव्हता. त्यांना नाही म्हणताना आपण अवनीलाही नाही म्हणतो आहोत, हे मला दिसलं नाही. मला वाटलं, आहे तसं चालेल. ती शाळेतून येईल, मी प्रयोगशाळेतून येईन. शाळेत पालकांच्या बैठकीला मॅडम मला "मम्मी जी" म्हणायच्या. मी दिवसभर दुसऱ्यांच्या मोजमापातल्या चुका काढते, पण ते कधी दुरुस्त केलं नाही. अवनीही माझा हात धरून शेजारी उभी असायची, तिनेही केलं नाही.

तुमचं लग्न ठरल्याचं तिला मी सांगितलं. ती जेवत होती. थोडा वेळ भात चिवडला. मग म्हणाली, "पापा को मम्मी चाहिए थी तो आप थे ना?"

मी म्हटलं, "जेवून घे."

म्हणून मी लग्नाला आले नाही. ऑडिट होतं, पण मागितली असती तर रजा मिळाली असती.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय: 'तिला काही महिने परत तुमच्याकडे पाठवू का? तुम्ही हो म्हणा, यांच्याशी मी बोलते. मला राग येणार नाही.' हे लिहिताना तुम्हाला किती जड गेलं असेल ते मला कळतं. ते वाचलं आणि कॅन्टीनमध्येच मी मनात तिची खोली लावून टाकली. पलंग खिडकीकडून सरकवला, शाळेला फोन केला, बसवाल्याला सांगितलं. सगळं झालं.

नको. पाठवू नका.

ती आली तर मला सुखच होईल, ते काही लपवण्यासारखं नाही. पण तिच्या मनात आत्ता एवढंच आहे की मासीने पाठवून दिलं. तुम्ही पाठवलंत तर दोघींनी पाठवून दिलं, असं होईल. मग ती कुठेच सामान लावणार नाही. तिला एका घरातून कुणी हलवणार नाही, हे तिला दिसायला हवं, आणि ते घर तुमचं आहे. ती थंड राहील, चांगलं वागून तुम्हाला दमवेल. तिने दूध कुंडीत ओतलं की समजा, आता घर आपलं वाटायला लागलं.

खाली तिच्यासाठी थोडं लिहिते आहे. तिला देवनागरी वाचता येतं, पण मराठीत अडखळली की ती सोडून देते. हिंदीत मला हे लिहिता येत नाही, माझी हिंदी ऑफिस आणि रिक्षापुरती आहे. फोनवर मी पुन्हा 'जेवलीस का' एवढंच विचारेन. म्हणून तुम्ही तिला वाचून दाखवा. आणखी एक कारण आहे. हे ऐकून तिला रडू आलं तर तिच्या शेजारी कुणीतरी असावं. मी नसेन.

अवनी,

स्मिता आंटी वाचतेय, पण बोलतेय मी. मध्ये बोलू नकोस, मराठी आहे म्हणून लांब वाटेल, तरी पूर्ण ऐक.

तुला मी परत पाठवलं नाही. मशीन परत जाते, कारण ती आमची नसते. तू माझी होतीस. तुझे पप्पा तुला न्यायला आले, कारण तू त्यांची त्याच्याही आधीपासून आहेस, आणि इतकी वर्षं तुझ्याशिवाय राहून ते थकले होते. मी 'नका नेऊ' म्हटलं असतं तर ते थांबले असते. म्हणून मी म्हटलं नाही. तू मला नको होतीस म्हणून नाही. नीट ऐकलंस ना? आंटी, हे वाक्य पुन्हा वाचा.

तू विचारलं होतंस की मी खुश आहे का. मी नव्हते. आताही नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं, पण मला वाटलं, मी रडले तर तू जाणार नाहीस. मी तुझ्यासमोर कधी रडले नाही, म्हणून तुला वाटलं असेल की मला रडता येत नाही. येतं.

खोकी उघड. आंटीला मदत करू दे. तिला तुझं कुठलं कुठे असतं ते माहीत नाही, तू सांग. ती चुकीच्या जागी ठेवेल, चालवून घे.

जूनमध्ये रजा टाकली आहे, मंजूर झाली. मी नागपूरला येईन. तुला न्यायला नाही, भेटायला. काही दिवस राहीन आणि मग एकटीच परत जाईन. जाताना तू स्टेशनवर यायचंस. तेव्हा मी सीटबेल्टचं वगैरे काही बोलणार नाही. बहुतेक काहीच बोलता येणार नाही. तू घाबरू नकोस, आंटीचा हात धर.

तुझीच,
मासी