बाबांच्या वाडग्याची जागा

न्हानताई,
साष्टांग नमस्कार, म्हणजे डुलत्या होडीत जेवढी अंगं टेकतात तेवढ्यांनी.

मी सुखरूप आहे. सरकारने सगळ्यांना जमिनीवर हलवल्यापासून आपल्या तरंगत्या वस्तीत राखणदार म्हणून मी एकटाच. आपल्या हालाँगच्या उपसागरात पर्यटकांचं जहाज आलं की त्यांना वल्हवत वस्ती दाखवतो. "इथे राहतं कोण?" असं विचारतात. "तुमच्यासारखेच, सकाळी येऊन संध्याकाळी जाणारे," असं सांगतो. हसतात बिचारे. आईची कंबर कशी आहे? न हलणाऱ्या खोलीत झोप लागते का तिला?

एक गोष्ट मात्र तिला सांगू नकोस. जहाजवाल्यांनी आपलं घर ओढून धक्क्याजवळ नेलं. "लुआनभाऊ, इथे फोटो झकास येतात!" मॅनेजर म्हणाला. बाबा बुडाले तेव्हापासून आईने घर तसूभर हलू दिलं नव्हतं. "ते आले तर काय पाण्याला पत्ता विचारतील?" म्हणायची.

म्हणून बाबांच्या नावाचा भाताचा वाडगा मी रोज संध्याकाळी जुन्या जागी, तिथे उरलेल्या तरंगत्या पिंपावर ठेवतो. सकाळी तो रिकामा असतो. पक्षी खात असतील, असं शास्त्रशुद्ध अनुमान मी काढलं होतं. पण पक्षी जेवणाच्या काड्या नीट जोडून वाडग्यावर आडव्या ठेवत नाहीत गं.

उद्या कोणाला न विचारता घर परत नेतो आहे. नोकरी जाईल, जाऊ दे. बाबांना असं दाराबाहेर किती दिवस जेवायला लावायचं?

तुझा धाकटा,
लुआन