थेंब गळायलाच हवा

४ मार्च

घ्या! खापर माझ्याच डोक्यावर फुटलं.

बोट पाण्याबाहेर काढली. पंख्याचा शाफ्ट बुडातून बाहेर पडतो तिथेच झिजलाय. नख अडकेल एवढी खाच. मेकॅनिक म्हणाला, “शाफ्टभोवतीच्या पॅकिंगचा नट कुणीतरी गच्च आवळलाय. गार ठेवणारं पाणी न मिळता कोरडाच फिरत राहिला.” बाबांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. “शिकवलं होतं ना? थेंब थेंब गळायलाच हवं!”

मी त्या नटाला हात लावलेला नाही. पण ऐकतंय कोण!

५ मार्च

शाफ्ट मागे ओढायचा तर सुकाणू आडवं येतं, म्हणून आधी ते उतरवलं. मी दिवसभर चिखलात आडवी पडून बोल्ट सोडवतेय, आणि बाबा वर बसून दादाला फोनवर — “हिच्या हाती बोट म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. तुझ्याच नावावर करतो.”

दादाच्या! धक्क्याला बांधलेली बोटसुद्धा ज्याला लागते त्याच्या! आई गेल्यापासून डेक कोण घासतं? फाटलेली शिडं कोण शिवतं? पण नाही. घरकी मुर्गी.

८ मार्च

नवा शाफ्ट बसला. चकचकीत. बाबांनी त्यावरून हात फिरवला. माझ्या पाठीवरून शेवटचा कधी फिरवला, आठवत नाही. “आता तरी लुडबुड करू नकोस.”

९ मार्च

दिवसभर शिडं शिवत बसले.

११ मार्च

बोट पाण्यात. मेकॅनिकने नट नीट लावून दिला. इंजिन चालू, थेंब... थेंब. बाबांनी मान डोलावली, “अस्सा राहू दे.” मेकॅनिक गेला. मी शिडं बांधायला वर.

खाली आले तर बाबा पाना घेऊन वाकलेले. नट आवळला, फडक्याने पुसला, पाना जागेवर ठेवला. सापडले! म्हटलं, आता सगळं व्याजासकट बोलायचं. तोंड उघडणार, तोच ते परत वाकले. “अरेच्चा, गळतंय की हे!” — स्वतःशीच. गळत काहीच नव्हतं. परत आवळला. पुसला. पाना ठेवला. परत उचलला.

मी जिन्यातच बसून राहिले. इतक्या दिवसांचा राग कुठे ठेवू तेच कळेना. ते वर गेल्यावर नट सैल केला.

१२ मार्च

सकाळी नट पुन्हा गच्च. बाबाच कडाडले, “कुणी आवळला हा?”

दादाला सांगायचं ते सांगोत.

“मीच, बाबा. चुकलं माझं.”